कल्याणच्या मशीनमधलं नाव

पाथर्ली, डोंबिवली (पूर्व)
१२ जून १९९५

ती. दादास,
सरोजचा नमस्कार.

हे पत्र एकटा असताना वाच. मंजुळावहिनी जवळ असेल तर आत्ता घडी घालून खिशात ठेव. फोन केला असता, पण आमचा फोन म्हणजे खालचं किराणा दुकान, आणि तिथे तूरडाळ घ्यायला उभी असलेली बाई आपलं बोलणं संपेपर्यंत हलत नाही.

ह्यांचा ताप तुला माहीतच आहे. होळीपासून येतो-जातो. कंपनीतल्या वाफांनी छाती धरली असेल म्हणून आम्ही काढे देत बसलो. वजन इतकं उतरलं की पँटला नाडी बांधावी लागते. शेवटी रक्त तपासायला पाठवलं. स्टेशनाजवळच्या त्या लॅबमध्ये आता कॉम्प्युटर आलाय. रिपोर्ट छापून मिळतो, कडेला भोकं असलेल्या कागदावर, आणि खाली बारीक अक्षरात तुमच्या कंपनीचं नाव. मी ह्यांना म्हटलं, बघा, आमच्या दादाचं काम. तेव्हा वरती काय लिहिलंय ते मला कळलेलं नव्हतं.

दादा, ह्यांना एड्सची लागण आहे. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तेच आलं.

 दोन दिवसांनी गोदू बालवाडीत गेलेली असताना हे म्हणाले, "एक्क्याण्णव साली भाजलेलो, तेव्हा रक्त चढवलेलं. त्यातून आलं असणार." मी म्हटलं, असेल. पुन्हा विचारलं नाही. विचारून मला काय मिळणार होतं?

लॅबच्या डॉक्टरांनी दार लावून घेऊन सांगितलं, तुम्हा नवराबायकोशिवाय आणि माझ्याशिवाय हे कुणाला कळणार नाही. आणि मी तुला सांगून बसले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. तुला माहीत आहे हे ह्यांना कळू देऊ नकोस.

पलीकडच्या चाळीत क्षयाच्या पेशंटची कळशी नळावर ठेवू देत नव्हते, ते तू बघितलेलंस. हे तर त्याहून मोठं नाव.

तू कॉम्प्युटरवाला आहेस. एवढंच सांग, त्या मशीनमधलं बाहेरच्या माणसाला वाचता येतं का?

तुझी,
सरू

हे जाळून टाक. उत्तर पाकिटातून पाठव, कार्ड नको.


बाळकुम, ठाणे
१७ जून १९९५

प्रिय सरू,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जाळलं. मंजुळाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तेवढं मला पक्कं माहीत आहे. नाही, कुणाला वाचता येत नाही. ते पॅकेज, म्हणजे रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम, मी स्वतः लिहिलंय. सुरू केलं की पासवर्ड मागतं, आणि तो फक्त डॉक्टरांना आणि त्यांच्या टाइप करणाऱ्या मुलीला माहीत. कुणी फाइल उचलून दुसऱ्या मशीनवर नेली तर आमच्या पॅकेजशिवाय ती उघडतच नाही, नुसती गिचमिड दिसते. खुद्द डॉक्टरांनाही आत एकदा गेलेली नोंद पुसता येत नाही. त्याची किल्ली कंपनीकडे असते. कपाटात पडलेल्या रजिस्टरपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. त्या बाजूने निश्चिंत राहा.

मारुतरावांना अंडी, दूध, जे पचेल ते देत जा. औषध अजून निघालेलं नाही असं सगळे म्हणतात, पण ताप आणि जुलाब आवरता येतात. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना नाव न सांगता विचारलंय.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. तुला आणि गोदूलाही तपासून घ्यावं लागेल. आज नको, उद्या नको, पण फार लांबवू नकोस.

रविवारी येतो. काही माहीत नसल्यासारखाच वागेन.

तुझा,
दादा


डोंबिवली
९ ऑगस्ट १९९५

ती. दादास,
नमस्कार.

तू आलेलास तो रविवार मला आता जुन्या काळातला वाटतो. हे तुझ्याशी पत्ते खेळले, हसले, गोदूने तुझा चष्मा लपवला.

चाळीत कळलंय, दादा.

पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या आवडाबाई रोज सकाळी गोदूसाठी वाटीभर ताक द्यायच्या, ते बंद झालं. मला वाटलं दूध कमी येत असेल. मग मी वाटी परत मागायला गेले तर म्हणाल्या, "ती फुटली." स्टीलची वाटी कुठे फुटते? दुसऱ्या दिवशी ती मला कचऱ्याच्या पेटीत दिसली.

मग नळ. माझी पाळी आली की सगळ्या बायका आपले हंडे मागे ओढून घेतात. कुणी भांडत नाही, कुणी काही बोलत नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बालवाडीच्या बाईंनी गोदूला दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, "तिला खोकला आहे, बरी झाली की पाठवा." गोदूला खोकला नाही. ती घरी येऊन मला म्हणाली, "आई, मी खोकले नाही, खरंच."

कंपनीत ह्यांना बोलावून घेतलं. सुपरवायझर टेबलाच्या पलीकडे उभाच राहिला, म्हणाला, तब्येत सुधारेपर्यंत घरी राहा. डब्याला एकत्र बसणाऱ्यांपैकी एकही जण घरी डोकावलेला नाही.

हे मला म्हणाले, "तू कुणाला बोललीस?" मला खोटं बोलता आलं नाही. तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "झालं तर. त्याने बायकोला सांगितलं असेल आणि तिने गावाला."

मला तसं वाटत नाही. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. दादा, तू वहिनीला बोललास का? रागावू नकोस. खरं सांग.

सरू


बाळकुम
१४ ऑगस्ट १९९५

प्रिय सरू,

रागावलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. मंजुळाने विचारलं काय झालं, तिला सांगितलं पोट बिघडलंय. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिलं खोटं मी तिच्याशी बोललो, आणि ते तुझ्या शब्दासाठी. आता तूच विचारतेस की तिला सांगितलं का.

नाही सांगितलं. तिला नाही, कुणालाच नाही.

माणसाच्या तोंडूनच फुटलंय हे. कॉम्प्युटर चुगल्या करत नाही. लॅबमध्ये टाइप करणारी जी मुलगी आहे तिला सगळं दिसतं. तिने घरी सांगितलं असेल. नाहीतर रक्त घेणारा. नाहीतर मारुतरावांच्या कंपनीने कुणाकडून काढून घेतलं असेल. तू डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट जाब विचार. घाबरू नकोस. शब्द त्यांनी दिला होता.

मारुतरावांना सांग, श्रीपादने तोंड उघडलेलं नाही. त्यांना पटत नसेल तर मी समोर येऊन सांगतो.

दादा


डोंबिवली
३ सप्टेंबर १९९५

ती. दादास,

तू सांगितलंस म्हणून गेले. डॉक्टर आधी माझ्यावर चढले, मग मी रडायला लागल्यावर मऊ झाले. मुलांची शपथ घेऊन म्हणाले, मी कुणालाही बोललेलो नाही. मग त्यांनी टाइप करणाऱ्या मुलीला आत बोलावलं. रतन तिचं नाव. पत्रीपुलाकडून येते, एकोणीस-वीसची असेल. "सर, मी कशाला सांगू, मला तर ह्या बाई कुठे राहतात तेपण माहीत नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. डॉक्टरांनी माझ्यासमोर तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काहीच बोलले नाही, दादा. मला तेव्हा वाटलं, सापडली.

घरी आल्यावर जिन्यातच आवडाबाई भेटल्या. माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, "लॅबमधल्या त्या पोरीने सांगितलं ना तुम्हाला? काढून टाकलं तिला आज." आवडाबाई गोंधळल्या. बाई वाईट नाही, घाबरट आहे. म्हणाल्या, "कुठली पोरगी? आमच्या भाच्याने सांगितलं. तो कल्याणला लॅबमध्ये कामाला आहे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे तुमच्या मालकांचं नाव. सगळं लिहिलंय. मारुती धोंडिबा शेलार, वय, आपल्या चाळीचं नाव, खोली नंबर, आणि रोग."

कल्याण, दादा. हे कल्याणच्या कुठल्याही लॅबची पायरी चढलेले नाहीत. मी तीनतीनदा विचारलं. बाई म्हणतात, भाच्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. चाळीचं नाव दिसलं म्हणून त्याने मावशीला सांगितलं, तुम्ही जपून राहा म्हणून.

डोंबिवलीत काढलेलं रक्त कल्याणच्या कॉम्प्युटरमध्ये कसं गेलं? तू म्हणालेलास, फाइल उघडत नाही, गिचमिड दिसते. त्याला तर खोली नंबरसुद्धा दिसला.

हे मला दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही. लगेच लिही.

सरू


बाळकुम
२० सप्टेंबर १९९५

प्रिय सरू,

पत्र मिळालं. मी जळगाव-भुसावळच्या दौऱ्यावर होतो, म्हणून उशीर. कल्याणची चौकशी करतोय. ऐकीव गोष्टीवर एकदम विश्वास ठेवू नकोस. त्या मुलाने दुसरं काहीतरी पाहिलं असेल. नीट कळलं की कळवतो. सोबत गोदूसाठी फ्रॉकचं कापड पाठवलंय.

मारुतरावांना जप.

दादा


डोंबिवली
२८ ऑक्टोबर १९९५

ती. दादास,

तुझ्या पत्राची मी रोज वाट बघितली. दिवाळी झाली. भाऊबीजेला तू आलास, पाटावर बसलास, ओवाळणी टाकलीस आणि चहा न पिता उठलास. माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. लहानपणी आईची लोणच्याची बरणी तुझ्या हातून फुटलेली, तेव्हा तुझी मान अशीच खाली होती.

तुला काहीतरी कळलंय.

इकडचं सांगते. ह्यांना गिळता येत नाही, तोंड आतून सोललंय. एका हॉस्पिटलात नेलं तर रिपोर्ट बघून म्हणाले, बेड नाही. दोन खाटा रिकाम्या मला दारातून दिसत होत्या. आता सासूबाई आल्यात, दगडाबाई. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं पोर आहे, मला काय व्हायचंय ते होऊ दे," आणि त्याच हाताने त्याला भरवतात, त्याच हाताने जेवतात. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय.

रतनची आई येऊन गेली. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, "माझ्या पोरीचं लग्न ठरत होतं. पाहुणे विचारतात नोकरीवरून का काढलं. तुम्ही एवढं सांगा ना डॉक्टरांना, ती तशी नाही." मी तिला काय उत्तर देऊ, ते तू सांग.

सरू


बाळकुम
५ नोव्हेंबर १९९५

प्रिय सरू,

तू ओळखलंस. मला सप्टेंबरातच कळलं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ऑफिसात जाऊन पाहिलं. जळगावचा दौरा खरा होता, पण तो मी मागून घेतला होता. आता जे झालं ते क्रमाने लिहितो.

जुलैत तुमच्या त्या लॅबच्या मशीनमध्ये बिघाड झाला. आमचा इंजिनियर दुरुस्तीला गेला. अशा वेळी सगळा डेटा, म्हणजे तपासलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, पत्ता, रिपोर्ट, फ्लॉपींवर काढून ऑफिसात आणतात आणि दुरुस्त करून परत भरतात. तसं त्याने केलं. त्या फ्लॉपी मग पुसायला हव्या होत्या. पुसल्या नाहीत. त्याच महिन्यात आमच्या साहेबांना पॅकेज दुसऱ्या लॅबना दाखवायचं होतं. दाखवायला नावं लागतात. आम्ही खोटी नावं भरून ठेवली होती, ती साहेबांना आवडली नाहीत. म्हणाले, खरं वाटत नाही, डॉक्टर लोकांना खरा दिवसभराचा पसारा दाखवा. मग तुमच्या लॅबचा डेटा जसाच्या तसा पॅकेजबरोबर घालून डेमोच्या फ्लॉपी बनवल्या आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, नाशिकपर्यंत वाटल्या. वापरून बघा, आवडलं तर घ्या. डेमोला पासवर्ड नसतो.

माझी सगळी कुलुपं शाबूत होती, सरू. कुणी मोडलंच नाही काही.

मी साहेबांना म्हटलं, ही खरी माणसं आहेत. ते म्हणाले, "नावं कोण वाचतं, श्रीपाद? लोक स्क्रीनचा रंग बघतात." मी म्हटलं, ह्यातला एक माझा मेहुणा आहे. ते म्हणाले, "वाईट झालं. पण फ्लॉपी परत मागितल्या तर सगळ्यांना कळेल. आहे ते शांतपणे विसरलं जाऊ दे." मी ऐकलं. सहा आठवडे ऐकलं. मला वाटत होतं एकेका लॅबमध्ये जाऊन, नवीन आवृत्ती देतो असं सांगून जुन्या फ्लॉपी गुपचूप काढून घेईन, आणि मग तुला सांगेन, की बघ, सगळं पुसून आलो. काही मिळाल्या. पण लोकांनी एकमेकांना कॉपी करून दिलेल्या आहेत. माझ्यापुढे एका डॉक्टरने ड्रॉवर उघडला तर आत पाच होत्या.

मग मी तुमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.  म्हणाले, निदान माझ्या मशीनमधून तरी त्या माणसाचं नाव काढू द्या. आणि त्यांना काढता येईना. मशीन त्यांचं, विजेचं बिल त्यांचं, पेशंट त्यांचे, पण एक नाव पुसायला आमच्या साहेबांची परवानगी लागते. ती तरतूद मी घातली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून घातली, गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून. तुला मी तीच गोष्ट फुशारकीने लिहिली होती.

मी तिथेच बसून त्यांना किल्ली दिली, आणि फाइल कशी उघडायची, कशी पुसायची ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना कळलं. मला कामावरून काढलंय. कंपनीची मालमत्ता बाहेर दिली म्हणून.

रतनचं मी डॉक्टरांना बोललो. ते म्हणाले बघतो. त्यांच्या चेहऱ्यावरून बघतील असं वाटलं नाही.

पोलीस चौकीतही गेलो होतो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चोरीला काय गेलं?" मी म्हटलं, नावं. तो म्हणाला, "मग डॉक्टरच्या मशीनमध्ये ती नावं नाहीत का आता?" मी म्हटलं, आहेत. "मग गेलं काय?" त्याला चेष्टा करायची नव्हती. कागदावर काय लिहायचं ते त्याला खरंच कळत नव्हतं. 

मारुतरावांना हे वाचून दाखव. त्यांनी मला शिव्या दिल्या तरी चालेल. फक्त मंजुळाने काही केलं नाही एवढं त्यांना कळू दे.

तुझा,
श्रीपाद


डोंबिवली
१९ डिसेंबर १९९५

दादा,

हे गेले. तुला निरोप मिळाला तेव्हा तू आलासच, स्मशानातही होतास, पण तिथे आपलं काही बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. सगळं नाही कळलं, कळलं तेवढं सांगितलं.  मग म्हणाले, "म्हणजे श्रीपाद बोलला नाही." मी म्हटलं, नाही. "त्या पोरीनेपण नाही?" तिनेही नाही. "डॉक्टर?" नाही. मग म्हणाले, "मग भांडायचं कुणाशी?"

त्यानंतर त्यांनी माझा हात धरला. ऑगस्टपासून पहिल्यांदा. एवढं तुझ्या पत्राने झालं.

न्यायला तू होतास, ह्यांचा पुण्याचा चुलतभाऊ होता, आणि कंपनीतला एकच जण, तोपण आधी कोपऱ्यावरच उभा राहिलेला, मग पुढे आला. चौथा खांदा द्यायला सासूबाई पुढे झाल्या. चाळीतल्या खिडक्या लागलेल्या होत्या. आवडाबाईंची तेवढी उघडी होती. त्या रडत होत्या, पण खाली आल्या नाहीत.

मी तुझ्यावर रागावलेय का, असं तू विचारलं नाहीस. विचारू नकोस. सकाळी असते, दुपारी नसते.

आम्ही खोली सोडतोय. सासूबाईंच्या भावाची आंबिवलीला एक खोली आहे. तिथे आम्हाला कुणी ओळखत नाही.

सरू


बाळकुम
११ जानेवारी १९९६

प्रिय सरू,
आशीर्वाद.

आंबिवलीचा पत्ता सासूबाईंच्या भावाकडून मिळाला. मी आता घरीच कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. कामं मिळतात. मंजुळाला सगळं सांगितलं. तिने मला पहिलं काय विचारलं असेल? "गोदूला तपासलं का?"

तेच विचारायला लिहितोय. तू मागे म्हणालीस, मी कुठल्याही लॅबमध्ये पाय ठेवणार नाही. मी हट्ट समजू शकतो. पण उशीर झाला तर गोदूसाठी काय करायचं ते आपल्याला कळणारच नाही. मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आता वेगळी खोली आहे. तिथे हातानेच लिहितात, नावाचा पुरावा मागत नाहीत, नंबर देतात. मी जाऊन पाहून आलो. तिथे कॉम्प्युटर नाही. म्हणशील तर मी बरोबर येतो, म्हणशील तर बाहेर थांबतो.

दुसरी गोष्ट तुला सांगावी की नाही, पण आता लपवणार नाही. मी सुट्टीच्या दिवशी लॅबमधून फिरतो आणि त्या फ्लॉपी मागतो. काही जण देतात. काहींनी हाकलून दिलं. उल्हासनगरला एकाने दुसऱ्याच कंपनीचं पॅकेज घेतलंय, आणि त्यांच्या माणसाने आमचा डेमो त्यात ओतून घेतलाय, नमुना म्हणून. मी स्क्रीनवर पाहिलं. मारुतरावांचं नाव तिथे आहे. वय अजून चौतीस. मी त्याला सांगितलं, हा माणूस वारलाय, पुसून टाका. तो म्हणाला, पुसायचं बटण कुठे आहे तेच मला माहीत नाही, कंपनीला विचारावं लागेल.

सगळं परत मिळणार नाही, सरू. मला हे काम येतं म्हणूनच सांगतो.

तपासून घे. हात जोडतो.

दादा


आंबिवली
२४ मार्च १९९६

ती. दादास,
सरोजचा नमस्कार. मंजुळावहिनींना नमस्कार.

तुझी मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. दिवसभर पापडाच्या कारखान्यात लाटायला जाते, संध्याकाळी हात वळत नाही.

मी जाऊन आले. तुला न सांगता गेले, गोदूला घेऊन. तू सांगितलेली तीच खोली. बाकावर पंधरा-वीस जण बसलेले, एकमेकांकडे न बघता. आत एक वयस्क सिस्टर होत्या. नाव विचारलं. मी म्हटलं, भागीरथी. मग गोदूकडे बघून म्हणाल्या, "आणि हिचं?" मी म्हटलं, लक्ष्मी. तर गोदू मोठ्याने म्हणाली, "माझं नाव गोदा मारुती शेलार आहे. मी आंबिवलीला राहते."

मला वाटलं जमीन फाटावी. दारातले लोक ऐकत होते. सिस्टरांनी पेन थांबवलं, गोदूला म्हणाल्या, "हुशार आहेस गं," आणि कागदावर लक्ष्मी लिहिलं. माझ्याकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मला आतापर्यंत इतक्या लोकांनी शब्द दिला, शपथा घेतल्या. ह्या बाईने काहीच म्हटलं नाही.

घरी येताना गोदूने विचारलं, "आई, तू खोटं का बोललीस?" मी तिला समजावून सांगणार होते, पण तिने पुढे विचारलं, "मी खरं बोलले म्हणून बाबांसारखं होईल का?" तिला कुणी काय सांगितलंय ते मला माहीत नाही. मी तिला कडेवर घेतलं. आता ती जड झालीय, तरी घेतलं आणि घरापर्यंत चालत आले.

आता तिला शिकवलंय, कुणी विचारलं तर नाव सांगायचं, पत्ता सांगायचा नाही. पाच वर्षांच्या पोरीला हे शिकवावं लागतं.

रतनचं लग्न मोडलं. तिच्या आईचं पत्र आलं होतं. डॉक्टरांनी तिला परत बोलावलं नाही. मी दर महिन्याला तिला एक पत्र लिहिते. ती उत्तर देत नाही, पण पत्र परतही येत नाही.

तू ते फ्लॉपीमागे फिरणं थांबव. मंजुळावहिनींनी मला लिहिलंय, तू सुट्टीचा एकही दिवस घरी नसतोस, आणि परत आलास की बोलत नाहीस. ह्यांचं नाव तिथे राहिलं तर राहू दे. ते आता कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार नाहीत. माझं आणि गोदूचं नाव मात्र कुठल्याच मशीनमध्ये नाही, आणि जाणार नाही.

रिपोर्ट मिळाला. मी एकटी जाऊन आणला. सिस्टरांनी दार लावून सांगितलं, माझा आणि गोदूचा. कागद मी तिथेच फाडला.

काय निघालं ते तुला सांगणार नाही, दादा. रागाने नाही. तुझ्यावर विश्वास नाही असंही नाही. तू कुणाला बोलणार नाहीस हे मला आता माहीत आहे. पण एकदा माझ्या तोंडातून निघालं की ते माझं राहत नाही, हे मी शिकलेय. सासूबाईंनापण सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही, भाकरी थापत राहिल्या. काय करायचं ते मी करीन, औषध लागलं तर आणीन, नाही लागलं तर नाही.

रविवारी ये. गोदूला पहिलीत घालायचंय, शाळेत वडील माणूस बरोबर लागतो, तू चल. जेवायलाच ये. सुकट आणून ठेवते. आलास की गोदूला उचलून घे, माझ्याशी नेहमीसारखं बोल, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचा प्रयत्न करू नकोस.

तुझी,
सरू